खाली एक चिंधी घाला

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, तू माझा फोन उचलत नाहीस.

आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही तिकडे मजेत असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. त्यातलं किती खरं ते पुढे कळेलच. डोळा कसा आहे? थेंब घालतेस ना, की बरं वाटल्याबरोबर बाटली कपाटात गेली? भाची सांगत होती, ऑपरेशननंतर तुला सुईचं नेढं हातभर लांबून दिसतं आणि तू घरादाराच्या कपड्यांच्या शिलाया तपासत सुटली आहेस. भावोजींना माझी सहानुभूती कळव.

इकडची खबर म्हणजे, तुझ्या भावजयीला दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवरून आत बिलांच्या टेबलावर बसवलंय. खुर्चीला चाकं आहेत, त्याचंच तिला जास्त कौतुक. ड्यूटी अजून दुपारचीच, म्हणजे सकाळी ती घरी असते. आमची लेक हॉस्टेलवरून फोन करते तेव्हा तिचं काहीतरी संपलेलं असतं. समोरच्या सलूनवाल्याने मोठा आरसा लावलाय, त्यामुळे मला आता दुकानात बसल्याबसल्या माझं टक्कल दिसतं. झाली खबर.

आता मुद्द्याला यायला हवं. मला शिवण शिकवत होतीस तेव्हा मी कात्री घेऊन कापडाभोवती घुटमळलो की म्हणायचीस, प्रदक्षिणा पुरे, कापायला घे. तू स्वतः कापण्याआधी कात्री दोनदा टेबलावर आपटायचीस, टक टक, कापडाला जागं करायला. तशी मीही आता आपटली असं समज.

भाचीकडूनच कळलं, तू सगळ्यांना सांगतेस की त्याची मशीन दिवसभर बंद नसते, बहिणीला वेळ कुठून देणार? ताई, त्यातला मशीनचा भाग खरा आहे. ती दिवसभर चालायची. पण तिच्याखाली कापड नव्हतं. सुईत दोरा नव्हता. मी रिकामी मशीन चालवत होतो.

हवं तर परत वाच. मलाही लिहिताना पेन खाली ठेवावं लागलं.

काही झालं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं, धंदाही बरा होता. पण गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घ्यायचो आणि वहीपर्यंत जाताजाता ते डोक्यातून निघून जायचं. परत विचारायची लाज वाटायची. एक काज करायला अख्खी सकाळ. अंघोळ म्हणजे डोंगर. कापडांचे गठ्ठे साचले, तशी मी लोकांना परत पाठवायला लागलो. फार काम आहे, नवीन घेत नाही म्हणायचो. लोक म्हणायचे, वा, तुमचं बरंय!

एकदा सकाळी स्वयंपाकघरातून हिने सहज विचारलं, आज मशीनचा आवाज नाही तो? सहजच गं, पण माझी पाचावर धारण बसली. मी पायडल मारायला लागलो. आणि मग तोच धंदा झाला. लोक म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. कामाचं सोंग तर फारच सोपं, नुसता पाय हलवायचा. आत ही निर्धास्त, बाहेर गल्ली निर्धास्त. मी तेवढा मशीनवर डोकं टेकून बसलेला, पाय खाली आपला चाललेला.

तुझा फोन आला तेव्हाही पाय चाललेला होता. तू म्हणालीस, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, मोठं काही नाही पण तू शेजारी असलास तर बरं. मी म्हणालो, गणवेशांची ऑर्डर आहे, मान वर करायला फुरसत नाही. आणि तुला खरं वाटावं म्हणून मी फोन लांब धरून मशीन जोरात चालवली. तू ते ऐकलंस. मग म्हणालीस, "काम मोठं. चालू दे." त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

गणवेश नव्हते गं ताई. मला दारापर्यंत जाववत नव्हतं, तुझ्यापर्यंत कुठून येणार होतो? त्या दिवशी मी फार रडलो. रडणंसुद्धा मशीनच्या आवाजात.

आता बरी गोष्ट सांगतो, कारण हे पत्र रडगाणं गायला घेतलेलं नाही.

मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी फोनला तोंडानेच विचारलं होतं, दिवसभर पडून राहावंसं वाटतं, काय करावं? फोनने आधी गाद्यांच्या जाहिराती दाखवल्या. त्याचं तरी काय चुकलं! पण गाद्यांच्या खाली एका गटाची माहिती होती. डिप्रेशन असलेली माणसं तिथे फोनवरून एकत्र बसतात. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. ते त्याला खोली म्हणतात. सकाळी ही खोली उघडते आणि जो तो तिथे आपापलं काम करत बसतो. बोलायची सक्ती नाही. कुणी विचारत नाही की कसे आहात, कारण त्याचं उत्तर आपण सगळे खोटंच देतो. आत येणाऱ्याला एवढंच विचारतात, "हातात काय आहे?"

हातात असेल ते सांगायचं. काही नसेल तर काहीच नाही म्हणायचं, मग बाकीचे म्हणतात, असू दे. सल्ला द्यायला सक्त मनाई. पहिल्या दिवशी हातात जे असेल तेच तुझं नाव. एक बाई मटार सोलत होत्या, त्या मटार. बँकेत मोठ्या अधिकारी आहेत म्हणे, पण खोलीत मटारच. एक प्राध्यापक आहेत, त्यांना दात घासणं एवढंच त्या दिवशी जमणार होतं, म्हणून ते टूथब्रश. खोली सांभाळतात त्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्यांचं नाव उशी. कारण सुरुवातीला त्यांच्या हातात दुसरं काही नसायचंच. आम्ही त्यांना आदराने उशीबाई म्हणतो.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मशीन. झालो मशीनवाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आणि ताई, माझी अक्कल बघ. सगळे न जमणारेच जिथे जमलेत, जिथे काहीच नाही म्हटलं तरी चालतं, तिथेही मी रिकामी मशीन चालवत बसलो. जगात कुणाला फसवायची गरज नव्हती अशी ती एकच जागा, आणि मी तिथेही सोंग घेऊन गेलो.

खोलीत एक काका आहेत, बॅगवाले. कुठल्या तरी दूरच्या गावी बॅगा शिवतात. फार बोलत नाहीत, त्यांच्याकडून जाड कापडावरच्या मशीनचा बसका आवाज येत राहतो. बरेच दिवस ते माझी मशीन ऐकत असणार. तुला तर सांगायला नको, कापड असलं की आवाज भरलेला येतो, नसलं की कोरडा, खडखड. एके सकाळी त्यांनी आपली मशीन थांबवली आणि हळूच म्हणाले, "मशीनवाले, खाली एक चिंधी तरी घाला. नाहीतर कापड ओढणारे दाते झिजतील."

बस, एवढंच. खोटं का बोलता असं विचारलं नाही, उठा आणि कामाला लागा असंही म्हणाले नाहीत. आणि परत स्वतःची मशीन सुरू केली. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. मग लक्षात आलं की त्यांना फक्त माझ्या मशीनची काळजी वाटली. आणि मशीनची म्हणजे माझी.

मी टेबलाखालच्या कातरणातून एक चिंधी उचलली आणि सुईखाली घातली. आवाज बदलला. ताई, तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी दोरा ओवला. त्याच चिंधीवरून पुढे-मागे, पुढे-मागे, नुसत्या शिलाया. मग तिला दुसरी चिंधी जोडली. असं करत जगातलं सगळ्यात जाड पायपुसणं तयार झालं, तुझी भावजय त्याला अडखळून पडता पडता वाचली. पुढे शेजारणीच्या पडद्याची पट्टी दुमडून दिली. ती म्हणाली वाकडी झालीय. झाली होतीच. पण ती एका माणसाच्या खिडकीत लागली.

सरळ रेषेत बरा झालो असं समजू नकोस. मधे एकदा घसरलो, तेही लिहितो, पण घाबरून फोन करत सुटू नकोस, आता तसं नाही. आपण नसलो तर सगळे सुटतील, असं मनात यायला लागलं होतं. एका सकाळी उशीबाईंनी विचारलं, हातात काय आहे, आणि माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. त्यांनी आढेवेढे न घेता विचारलं की जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतंय का. मी हो म्हणालो. तेव्हा मात्र त्यांनी मनाईचा नियम गुंडाळून ठेवला. म्हणाल्या, खोली म्हणजे औषध नाही, इथे आम्ही सोबत देतो, इलाज डॉक्टर करतात, आत्ताच्या आत्ता बायकोला हाक मारा. मी स्वयंपाकघरात गेलो. खिशात फोन चालूच होता. डॉक्टरांकडे जाताना रस्ताभर बॅगवाले काकांची मशीन माझ्या खिशात वाजत होती. ते नुसते शिवत राहिले.

आता गोळ्या चालू आहेत. दर पंधरवड्याला डॉक्टरबाई भेटतात. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, तुमचा आळस नाही. हे वाक्य मी हिच्याकडून परत परत म्हणून घेतलं.

आणि हिचं ऐक. मी तिला सगळं सांगितलं, रिकाम्या मशीनसकट. मला वाटलं ओरडेल. ती कटिंगच्या टेबलावर बसली आणि म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून तुम्ही मशीन चालवता." म्हणजे बघ. मी तिला काळजी वाटू नये म्हणून चालवत होतो, आणि ती भिंतीपलीकडे बसून रोज तेच ऐकत होती. आता ती ड्यूटीला जाण्याआधी माझ्याजवळ बसून बटणं लावते. उलटी लावते, पण लावते.

आता उरलं ते. सगळ्यांना सांगितलं आणि तुलाच का नाही, असं तू विचारणार. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, ते आठवतं? आपण शेजारीपाजारी सांगायचो की तिची पाठ दुखते. तू शाळा सोडलीस, घर ओढलंस, तिची वेणी घातलीस, मला मोठं केलंस. तिच्यानंतर तू एकदा भांडी घासता घासता म्हणाली होतीस, आता या घरात परत कुणी असं पडलेलं मला बघवणार नाही. मी लहान होतो, पण ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणून मी पडलो नाही, ताई. बसून राहिलो, पायडल मारत. तुला परत तेच बघायला लागू नये म्हणून.

तू ते मला बजावायला म्हणाली नव्हतीस, थकली होतीस म्हणून म्हणालीस. आज कळतं. आईला अशी एखादी खोली मिळायला हवी होती, असं सारखं वाटतं. तिच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं, आणि आपल्याला असू दे म्हणता येत नव्हतं.

सोबत ती पहिली चिंधी पाठवतोय. बोटांनी चाचपून बघ, कुठे दोरा तुटलाय, कुठे टाके वेडेवाकडे, कुठून सरळ व्हायला लागलेत, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

रविवारी आमची खोली घरच्या माणसांसाठीही उघडी असते. मी उशीबाईंना विचारून ठेवलंय. भाचीला सांग, ती फोनवर लावून देईल. काही बोलू नकोस, माफही करू नकोस. नुसती ऐक. मशीन रिकामी वाटली तर तुला लगेच कळेल.

वाट बघणारा,
तुझा धाकटा

ता. क. भावोजींना वाचायला दिलंस तरी चालेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या मुठीला कळ लागली होती.


दि. २० ऑक्टोबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. रविवारी तू काय ऐकलंस ते तुला माहीत आहे. माझ्याकडे काय झालं ते सांगतो.

सकाळी ही माझ्याआधी उठून दुकानात येऊन बसली. दर थोड्या वेळाने फोनच्या पडद्याकडे बघायची आणि मान हलवायची. मटार आल्या, टूथब्रश आले, बॅगवाले काका आले. तू नाहीस. मी हातात लेकीचा कुर्ता घेतला होता, बाही लावायची होती. वाटलं, चिंधी मिळाली आणि ताईने बाजूला ठेवून दिली. तिचंही बरोबर आहे, मी स्वतःला समजावलं. चिंधीच ती.

मग कुठूनतरी आवाज आला, टक टक.

माझा पाय पायडलवरच थांबला. हिने माझ्याकडे बघितलं. मी नुसतं फोनकडे बोट दाखवलं. उशीबाई त्यांच्या त्या शाळेच्या आवाजात म्हणाल्या, नवीन कोण आलंय, हातात काय आहे? आणि तू म्हणालीस, "कात्री." लिहून ठेव, आता खोलीत तुझं नाव तेच. बदलून मिळत नाही.

मी मशीन सुरू केली. लहानपणी तू पट्टी घेऊन मागे उभी असायचीस, तसंच वाटलं. बाहीची गोलाई आली आणि मी लवकर उरकावं म्हणून पाय दाबला. तेवढ्यात तू म्हणालीस, "घाई करतोयस. टाका सुटेल."

बॅगवाले काकांची मशीन थांबली. मटारचा घमेल्यातला आवाजसुद्धा थांबला. उशीबाई हळूच म्हणाल्या, ताई, इथे सल्ला द्यायची पद्धत नाही.

आणि तू म्हणालीस, "सल्ला नाही हो बाई. माझा भाऊ आहे."

ताई, बॅगवाले काका हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. मग टूथब्रश हसले, मग उशीबाई. आमची ही तर डोळ्याला पदर लावून हसत होती. मी रडत होतो, पण मशीन थांबवून रडत होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. कुणीतरी म्हणालं, असू दे. ती तू होतीस की मटार, मला कळलं नाही. तू असावीस असं मी धरून चाललोय.

तू गेल्यावर उशीबाईंनी विचारलं, कात्रीबाई परत येतील का? मी म्हणालो, ती एकदा आली की जात नाही, तुम्हीच तुमचे नियम सांभाळा.

गोळ्या चालू आहेत. सकाळी उठायला अजून जड जातं, रोज नाही, पण जातं. कुर्त्याची बाही उसवून परत लावली, कारण टाका खरंच सुटला होता. तुला दुरून ऐकू आलं आणि मला समोर दिसलं नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे असं भाची म्हणाली. मी येतोय. डॉक्टरबाईंना विचारलंय, गाडीचं तिकीट काढलंय, ही बरोबर येतेय. आणि समजा त्या सकाळी मला दारापर्यंत जाणं जमलं नाही, तर मी गणवेशाची ऑर्डर आहे म्हणणार नाही. हातात काहीच नाही, असं सांगेन.

तेव्हा तू काय म्हणायचं ते तुला आता माहीत आहे.

सावकाश चालवणारा,
तुझा भाऊ